तिसरा अ‍ॅम्प्लिफायर

माझ्या हेडफोनला ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, नाहीतर आवाज कसा मरगळलेला येतो. काल तिसरा आणला आणि तपासायला नेहमीचाच, यमनचा सुरुवातीचा आलाप लावला. तंबोरा भरीव वाजत होता, गवयाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पण मागे ती बारीक खरखर आहेच का? पुन्हा मागे नेलं, पुन्हा लावलं. जीव काही थाऱ्यावर येईना.

शेजारी मटार सोलत बसलेली बायको म्हणाली, "बघू, मला द्या जरा."

तिने डोळे मिटले. मटार तसेच राहिले. मी अर्धा तास नुसती चुळबुळ करत होतो. शेवटी हेडफोन काढून ती म्हणाली, "अहो, शेवटी शेवटी काय रंगलाय हो यमन!"

मी मान डोलावली. आलापाच्या पुढे मी कधी गेलोच नव्हतो.