राधाक्कांचा नारळ

प्रोफेसर इनामदारांनी राधाक्का परबांना फसवलं. भर मराठी मंडळात, सगळ्यांच्या टाळ्या घेत फसवलं, आणि त्यासाठी लागलेलं कापड माझ्याच दुकानातून नेलं.

राधाक्का मूळच्या मालवणच्या. मुलगा इथल्या सरकारी कारखान्यात लागला म्हणून जयनगरला आल्या. तेव्हा जयनगर नुकतं वसत होतं. बेंगळुरात समुद्र नाही, हे काही त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. दर नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन त्या बसने हलसूरच्या तलावावर जायच्या आणि काठावरून खणखणीत आवाजात म्हणायच्या, "हरबाजी परब, नारळ घ्या!" आसपासची माणसं बघत राहायची. राधाक्का नारळ पाण्यात सोडायच्या आणि मागे न बघता बसकडे चालू लागायच्या.

आमची पहिली गाठ चिकपेटेतल्या माझ्या दुकानात भांडणातच पडली. मी बेळगावकडून आलेला, पाठीवर गठ्ठे वाहून दुकान उभं केलेला माणूस. भाव करण्यात मला हरवणारं गिऱ्हाईक तोवर भेटलं नव्हतं. राधाक्का एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, रागावल्या की मालवणी. माझा मांजरपाट उजेडात धरून म्हणाल्या, "मेल्या, ह्यां कापड आसा की मासे धरूचां जाळां?"

"घ्यायचं तर घ्या अक्का, नाहीतर पुढचं दुकान बघा!" मी गरजलो.

त्या तिथेच बैठक मारून बसल्या. "ओरड तू. वारा पडला की बोलू."

वारा पडला. कापड त्यांच्या भावाने गेलं, आणि वर हुकूम, "आता स्वल्प कॉफी सांग." पुढच्या पौर्णिमेपासून मी त्यांच्याबरोबर हलसूरला जाऊ लागलो.

हरबाजी त्यांचे पणजोबा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोकणातल्या एका लहान संस्थानाच्या आरमारात वल्हं मारायला लागले आणि लढाऊ गलबताचे अधिकारी झाले. कंपनी सरकारशी लढाई जुंपली तेव्हा इंग्रजांच्या जहाजांनी खाडीचं तोंड अडवलं. हरबाजींच्या गलबतावर जखमी माणसं, त्यात ओहोटी लागलेली. उथळ पाण्यातून निसटायला वाट होती, पण गलबत वजनाने वाळूत रुतत होतं. हरबाजींनी आपल्या दोन्ही तोफा समुद्रात ढकलल्या. हलकं झालेलं गलबत सरकलं, जखमी घरी पोचले. तह झाल्यावर दरबाराने विचारलं, तोफा कुठे? हरबाजी म्हणाले, "तोफा खाली आहेत, माणसं वर आहेत." हुद्दा गेला. उरलेला जन्म त्यांनी जाळी विणण्यात काढला.

हे सगळं राधाक्कांनी इनामदारांना घरी बसवून, घावणे खाऊ घालून सांगितलं. इनामदार आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. म्हणाले, "अक्का, गणेशोत्सवात यावर नाटक बसवतो." राधाक्का माझ्या दुकानात आल्या तेव्हा लहान मुलीसारख्या उड्या मारायच्याच काय त्या बाकी होत्या. "हरबाजींचं नाव माणसांच्या तोंडी येईल रे! इतकी वर्षं मी एकटीच घेते." शिडासाठी कापड मी फुकट दिलं. आयुष्यात फुकट दिलेलं ते पहिलं कापड.

नाटकात गलबत होतं, ओहोटी होती, जखमी होते. त्यांना वाचवणारा वीर मात्र दौलतराव इनामदार, म्हणजे अध्यक्षांचे खापरपणजोबा! आणि हरबाजी परब हा फितूर. इंग्रजांचा पैसा खाऊन त्याने तोफा पाण्यात टाकल्या. पहिल्या रांगेत राधाक्का मुलासुनेसकट बसल्या होत्या.

पडदा पडताच मी इनामदारांची कॉलर धरली.

"अहो, नाटक आहे ते," ते म्हणाले. "नाटकाला खलनायक लागतो."

"मग तुमच्या खापरपणजोबांना करायचा होता!"

"बाईंकडे पुरावा काय आहे?"

"तुमच्याकडे काय आहे?"

"आमचं घराणं सगळ्यांना ठाऊक आहे."

मी आणखी काही करण्याआधी राधाक्कांनी माझं मनगट धरलं. "चल. वारा पडला की बोलू."

पुढच्या पौर्णिमेला आम्ही हलसूरला गेलो. त्यांनी "हरबाजी परब" म्हटलं आणि मागून मंडळातल्याच कुणाची तरी पोरं ओरडली, "फितूर! फितूर!" पोरांचा काय दोष? त्यांनी नाटकात तेच पाहिलं होतं. राधाक्कांनी नारळ पाण्यात सोडला नाही. नारळ पदरात घेऊन त्या परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच नारळीभात डब्यात घालून माझ्या दुकानात पाठवला.

त्यानंतर त्या हलसूरला गेल्या नाहीत. वारा पडायची वाट बघत होत्या. तो पडला नाही, त्याआधी त्याच गेल्या.

नाटक मात्र दरवर्षी होतं. परवा मंडळाचा माणूस नव्या शिडासाठी कापड मागायला आला. त्याला मी हात हलवत परत पाठवलं. इनामदार, कापड हवं असेल तर नारळी पौर्णिमेला हलसूरच्या काठावर या. नारळ मी आणतो. तोफा कुणी टाकल्या आणि कुणासाठी टाकल्या, ते त्या पोरांसमोर मोठ्याने सांगा. आणि मग, राधाक्का घ्यायच्या तसं, ते नाव घ्या.