कवळीवाल्यांचा फळा

दवाखान्यांसाठी कवळ्या बनवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे कवळीवालेच म्हणत. बाजारामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची एकच खोली. खिडकीशी टेबल, कोपऱ्यात प्लॅस्टर कालवायचं बेसिन आणि भिंतीवर मोठा फळा. फळ्यावर तीन रकाने: आलेलं, हातात, झालेलं. प्रत्येक कवळीचं एक कार्ड. रोज सकाळी नऊला कार्डं पुढे सरकवायची, हा नियम त्यांनी चार वर्षं पाळला आणि भेटेल त्याला ऐकवला. धाकट्या बहिणीनं शिवणकाम सुरू केलं, तेव्हा तिच्या भिंतीवरही तसाच फळा ठोकून त्यांनी दीड तास तिचं डोकं खाल्लं.

"शिस्त अंगात मुरावी लागते," ते म्हणाले होते.

"मुरायला मी काय लोणचं आहे?" बहीण म्हणाली होती.

मग एका सोमवारी त्यांनी कार्डं हलवली नाहीत. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आजारपण नव्हतं, कुणाशी वाजलं नव्हतं, नुसता कंटाळा. मंगळवारी फळ्याकडे बघितलं की सोमवारचं राहिलेलं दिसे, बुधवारी दोन दिवसांचं. शेवटी ते फळ्याकडे पाठ करून बसू लागले. ज्याचा फोन जास्त वेळा येई त्याचं काम आधी होई. एकदा, ज्यांचं काम सगळ्यात जास्त येई त्या डॉक्टरबाईंनी फोनवर एका कवळीची चौकशी केली. "हातात आहे," असं म्हणता म्हणता त्यांनी ते कार्ड दुसऱ्या रकान्यात सरकवलं. निदान खोटं तरी बोललो नाही, अशी स्वतःची समजूत काढली. पुढे त्यांचा चौकशीचा फोन आला की ते हेच करू लागले.

ज्यांचं ते पहिलं कार्ड होतं, त्या आजी दोन आठवड्यांनी दम खात दोन जिने चढून आल्या. हातात दवाखान्याची चिठ्ठी होती. तिच्यावरचा नंबर त्यांनी फळ्यावर शोधून काढला.

"हे माझं. म्हणजे चालू आहे," त्या म्हणाल्या. "बघू का जरा?"

कवळीवाल्यांनी खण उघडला. आजींच्या जबड्याचं माप डॉक्टरबाईंनी पिशवीला चिकटपट्टी लावून दिलं होतं, तसंच्या तसं खणात पडलं होतं. आता सारवासारव करून उपयोग नव्हता.

"अजून सुरूच केलेलं नाही, आजी."

"मग कार्ड तिथे कशाला लावलंत?"

कवळीवाल्यांची कानशिलं तापली.

"दोन महिने मऊ करून खातेय. नातीशी फोनवर बोलणंसुद्धा टाळते," आजी म्हणाल्या. "उशीर झाला तर झाला. पण खरा दिवस सांगा."

"बारा दिवस."

त्या कठड्याला धरून हळूहळू उतरल्या. हात द्यायला जावं असं कवळीवाल्यांना फार वाटलं, पण कुठल्या तोंडानं जाणार?

खणात आजींची धरून डॉक्टरबाईंकडच्या अशा न उघडलेल्या अकरा पिशव्या निघाल्या. दुपारी ते बहिणीकडे गेले. तिच्या फळ्यावरची कार्डं जागच्या जागी होती. ते बघून त्यांची मान आणखी खाली गेली. त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती टोमणा मारेल, असं त्यांना वाटलं होतं.

"दादा, माझाही दोनदा बंद पडला होता," ती शिवण न थांबवता म्हणाली.

"बोलली नाहीस कधी."

"तुला कशी सांगणार? परत दीड तास बसवलं असतंस."

आपली लाज फळा बंद पडल्यापासूनची नाही, त्या दीड तासापासूनची आहे, हे त्यांना तेव्हा कळलं.

"मग पुन्हा सुरू कसं केलंस?"

"जे झालं नव्हतं ते मागे नेऊन लावलं. पहिल्या दिवशी एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा कार्डं पहिल्या रकान्यात परत आणली. मग डॉक्टरबाईंना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ही अकरा कामं पूर्ण करा. नवीन पेशंट सध्या मी दुसरीकडे पाठवते." त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं.

रोज एकच पिशवी उघडायची, असं त्यांनी ठरवलं. आजींची पहिली. तरी दोन सकाळी फुकट गेल्याच, आणि त्या गेल्या तशा फळ्यावर दिसू दिल्या. अकराव्या दिवशी आजींना फोन करून एक दिवस जास्त मागितला. तेराव्या दिवशी कवळी घेऊन ते स्वतः दवाखान्यात गेले.

"डावीकडे टोचतंय," तिथे आलेल्या आजी कवळी बसवून बघत म्हणाल्या.

त्यांनी ती जागा घासून दिली. पुन्हा टोचली, पुन्हा घासली. तिसऱ्या वेळी आजींनी होकारार्थी मान हलवली आणि पिशवीतून फोन काढून नातीचा नंबर लावला. कवळीवाले त्यांच्याकडे न बघता हत्यारं आवरू लागले.