मामांची मोटारसायकल का बंद पडली

अन्याय झाला तो माझ्या मामांवर. आषाढ सरत आलेला असताना, एका रविवारी दुपारी, कामशेतहून पवनानगरला जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर. एका पर्यटकाच्या गाडीने उलट्या बाजूने पुढे घुसताना त्यांना उडवलं. ते जागीच गेले. दुसरा अन्याय त्याच संध्याकाळी झाला, आणि तो आपल्याच माणसांनी केला. मला बातमी कळली ती फोनवर फिरणाऱ्या मजकुरातून. ‘पेट्रोल न भरता निघाले, भर वळणावर गाडी बंद पडली, स्वतःच्याच निष्काळजीपणाचा बळी.’ खाली फोटो. त्यातली मोटारसायकल ओळखली, म्हणून माणूस ओळखला. मी लोणावळ्यात आमच्या संघटनेच्या सभेच्या पत्रकांना घड्या घालत होते... उरलेल्या घड्या घालून संपवल्या, गठ्ठ्याला दोरी बांधली आणि मग निघाले. असं का केलं, मला सांगता येत नाही.

मामा टाकवे बुद्रुकचे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरची भातखाचरं बघायचे आणि ती मोटारसायकल सांभाळायचे. जुनी, जड, लांबच्या प्रवासासाठीच बांधलेली गाडी, कुणाची तरी वापरलेली घेतलेली. दर दसऱ्याला मामीला मागे बसवून ते नागपूरला दीक्षाभूमीला जायचे. वस्तीतली बाकीची मंडळी रेल्वेने निघायची आणि यांना हसायची. मामा म्हणायचे, “रेल्वेत खिडकी मिळंल. पर मनात आलं तितं थांबाया मिळतंय का?” मामी पदर खोचत म्हणायच्या, “थांबत्यात कुटं मनात आलं म्हनून? गाडीच्या मनात आलं म्हनून थांबत्यात.” मामांना मात्र एक शिस्त होती. कामशेतच्या पंपावर टाकी काठोकाठ भरल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. शेजारच्या गावाला जायचं असलं तरीही.

यंदा पावसाच्या सुरुवातीला मी त्यांच्या मागे बसून कार्ल्याला गेले होते. पंपावरून निघालो आणि थोडं पुढे जाताच गाडीने आचके दिले, मग मान टाकली. माझी सभा होती. मी रस्त्याला, सरकारला आणि गाडीला एका दमात शिव्या घातल्या. मामा शांतपणे उतरले, गाडी हलवली, टाकीला कान लावला. “लय आरडू नको. तुजं पत्रक वाचून दाखीव हिला, व्हतीय का चालू बग.” मग टाकीचं झाकण उघडून आत डोकावले, परत लावलं, किक मारली. गाडी चालू! “कचरा आला आसंल कार्बोरेटरात. गेला बग.” घरी येऊन त्यांनी कार्बोरेटर उघडून साफ केला. त्यात कचरा नव्हताच. तरी त्यांनी तो धुतला, पुसला, परत बसवला.

त्या रविवारी ते पवनानगरला लेकीकडे चालले होते. गाडी बंद पडली. ते उतरले, तिला कडेला घेतलं, टाकीला कान लावून हलवू लागले. शेजारून जाणाऱ्या कुणीतरी आपल्या कारच्या काचेतून ते पाहिलं आणि ठरवून टाकलं की पेट्रोल संपलं.

काही आठवड्यांनी पोलिसांनी मोटारसायकल परत दिली. पुढचं चाक वाकलेलं, टाकी धड. मामांचे कारखान्यातले सोबती, कार्ल्याचे दत्ताभाऊ, पान्हे घेऊन आले. मामी ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, त्यांनी टाकी रिकामी ठिऊन कदी उंबरा वलांडला न्हाई. का बंद पडली ती, तेवडं बगा.” दत्ताभाऊंनी झाकणाला हात लावला नाही. आधी कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढली, खाली बादली ठेवली आणि टाकीचा कॉक उघडला. पेट्रोलची जाड धार पडली. दत्ताभाऊ म्हणाले, “टाकी भरलेली. कॉक साफ.” मग धार बारीक झाली... थेंब झाले... थांबली. मी टाकी हलवली. आत पेट्रोल डुचमळत होतं. दत्ताभाऊंनी झाकण फिरवलं. टाकीने सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत ओढली आणि धार पुन्हा सुरू झाली.

झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या पिशवीचा गोल कापलेला तुकडा बसवलेला होता. आमच्याकडचा पाऊस झाकणातून टाकीत उतरतो आणि पेट्रोलमध्ये पाणी होतं. म्हणून लोक झाकणावर पिशवी बांधतात. यंदा झाकणाचं रबर गेलं, तर मामांनी प्लास्टिक आतूनच बसवलं. त्याने झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं. हवा आत गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. “आन टाकी जेवडी भरलेली, तेवडी आत हवा कमी,” दत्ताभाऊ म्हणाले. “म्हंजी तेवडी लवकर बंद पडनार.” कार्ल्याच्या रस्त्यावर मामांनी पेट्रोल बघायला झाकण उघडलं होतं, त्यानेच ती चालू झाली होती. झाकण संशयात कधी आलंच नाही.

तर चूक मामांची होती. मी ती झाकणार नाही, पत्रकातही झाकली नसती. पण गाडी बंद पडल्यावर माणसाने तिला कडेला घ्यायची असते, ती त्यांनी घेतली होती. वळणावर उलट्या बाजूने येणाऱ्याबद्दल त्या मजकुरात एक शब्द नाही. त्याचं नाव नाही, त्याच्या घाईचं नाव नाही. निष्काळजी कोण, तर मेलेला.

हे सगळं कळल्यावर मला काहीतरी वाटायला हवं होतं. राग माझा धंदाच आहे. तोही आला नाही. मी बादलीतलं पेट्रोल कॅनमध्ये ओतलं, हात धुतले, हाताचा वास गेला नाही, पुन्हा धुतले. मामी ओट्यावरच होत्या.

“म्हंजी भरलेलीच व्हती.”

“हो, मामी.”

“मंग हितं काय उबी ऱ्हायलीस? सांग की लोकांना.”

सांगते आहे. तो मजकूर मावळात बहुतेक प्रत्येकाच्या फोनवर आला होता, आणि वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो पुढे पाठवला. तुम्ही पाठवला असेल तर हळहळ नको, मामीच्या दारात येऊन हात जोडणं नको. ज्या ज्या माणसाला पाठवलात, त्या प्रत्येकाला आज, हे पान मिटायच्या आधी, तुमच्या नावाने लिहा: मी खोटं पाठवलं होतं, टाकी भरलेली होती.