भाव न सांगणारा माणूस

त्या माणसानं मला फसवलं, हे आधीच सांगतो. औशाच्या बाजारात मी बैलांचा दलाल. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात उभी हयात गेली.

भूकंपात आमची लेक गेली. घर पडून पत्र्याच्या वस्तीत आल्यापासून बायको कुणाशी बोलेना. तो माणूस दर बुधवारी सायकलवर यायचा, येशूचं पुस्तक मांडीवर घेऊन दाराबाहेर मोठ्यानं वाचत बसायचा. मी हाकललं की चष्मा पुसत म्हणायचा, "बरं दादा, पुढल्या बुधवारी येतो."

एकदा चिडून मी त्याच्या हातावर रुमाल टाकला. "दाब बोटं! काय पायजे तुला आमच्याकडून?"

त्यानं एकही बोट दाबलं नाही. नुसता माझा हात धरून बसला. "दादा, मला सौदाच करायचा न्हाई."

आधी बायको एकटी ऐकायची, मग शेजारीण, मग अर्धी वस्ती. आता तो येत नाही, तरी रविवारी माझ्याच अंगणात पन्नास माणसं प्रार्थना करतात. बायको गाते. लेकीचं नाव घेऊन हसतेसुद्धा.

फुकट कुणी एवढं देत नसतं. बदल्यात त्यानं माझं काय नेलं, ते अजून सापडलं नाही. त्याला ज्यानं पाठवलं, त्यानं माझ्यासमोर येऊन जाब द्यावा.