चोपण रान

वाटणीत थोरल्या भावानं मला ओढ्याकडचं दोन एकर दिलं. ते रान त्यानंच बिघडवलं होतं. लाइट असेतोवर भीमेवरची मोटार चालू, उसात पाणी तुंबलेलं. जास्त पाणी म्हंजी जास्त ऊस, अशी आमच्याकडं सगळ्यांचीच समज. शेवटी जमिनीतलं मीठ वर आलं, रान चोपण झालं. उन्हाळ्यात रान चुना शिंपल्यागत पांढरं दिसायचं.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण एवढं कळत होतं, की जे पाण्यानं वर आलं ते पाण्यानंच निघून जाईल, त्याला वाट पायजे. पारावर बोललो, "चर खोदतो. तिसऱ्या साली ज्वारी घेतो."

थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, "धाकल्या, तिथं मिठागर टाक. ज्वारी कवा व्हायची!"

सगळा पार खदखदून हसला. माझी मालकीण कळशी घेऊन तिथनंच चालली होती. तिनं मान खाली घातली. ते मी माफ केलं नाही आन् करणारबी न्हाई.

आशा मऊ मनाच्या माणसाला असते म्हणतात. माझी रागातनं आली. कुदळ मारताना थोरल्याचे दात डोळ्यापुढं असायचे, म्हणून हात थांबले नाहीत. कमरेएवढे चर खोदले, दगड-मुरूम भरला, तोंड ओढ्यात काढलं. पावसात चरातनं येणारं पाणी जिभेला लावून बघायचो. पहिल्या साली पेरलेला ताग जळाला. दुसऱ्या साली गुडघ्याला लागला, तो खत व्हावं म्हणून तसाच नांगरून गाडला. तिसऱ्या साली ज्वारी माणूसभर वाढली.

हुरड्याला सगळा पार बोलावला. पहिलं पान थोरल्यापुढं ठेवलं. "खावा दादा. मिठागरातला हाय." तो खाली बघत चावत राहिला. मला त्या दिवशी जेवण लागलं न्हाई, एवढं पोट भरलं होतं.

यंदा थोरल्याचं वरचं रान पांढरं पडलं. त्याच्या पाण्याला ओढ्याकडं जायला वाट माझ्या रानातनंच. घरात मालकीण म्हणाली, "द्या की वाट. भाऊच हाय."

"देणार हाय. पण मागू दे."

आला. बांधावर काठी टेकून उभा राहिला. "धाकल्या, माझ्यात येईल का रं काय?"

त्याला परत विचारायला लावलं. मग म्हणालो, "येईल. वाट घ्या माझ्यातनं. पण पहिला चर तुमी सोता खोदायचा. पोरांवर सोडायचा न्हाई."

"ह्या वयात?"

"मी काय तरणा व्हतो व्हय?"

होत न्हाई म्हणणाऱ्यांनी गावाचं एकतरी रान कवा सुधारलंय का? त्यांचा सूड घ्यायचा तर करून दाखवायचं आन् मग त्यांनाबी करायला लावायचं. सकाळपासून तो खोदतोय. चार हात झालं. धाप लागली की माझ्याकडं बघतो. मी पाण्याचा तांब्या पुढं सरकवतो, कुदळ धरत न्हाई.