कव्हर नसलेली क्वीन

मनोहर गेल्याचं मला वाण्याच्या दुकानात कळलं. "आपले नेव्हीवाले साहेब गेले," वाणी म्हणाला. सगळं पनवेल त्याला साहेब म्हणतं, याचा मला त्या क्षणीही हेवा वाटला…

हेवा जुनाच. मी शाळेत इतिहास शिकवायचो, आरमारांवर मिळेल ते वाचून काढायचो. तो अर्धं आयुष्य युद्धनौकांवर काढून रिटायर झालेला. मला मोरा बंदराला जाणाऱ्या साध्या लाँचमध्येसुद्धा ओकारी यायची. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत बोलायला त्याला बोलवायचे, आभार मानायला मला.

आमचं भांडण एकच. मोठं आरमार, मोक्याची बंदरं, व्यापाराच्या वाटा हाती असतील त्याचाच समुद्र, हा जुना सिद्धांत मला पटायचा. "मास्तर, ते दिवस गेले," तो म्हणायचा. "आता एक मिसाइल, की जहाज खलास." टीव्हीवर आखाती युद्ध दिसायला लागलं, तेव्हा तर त्याला चेवच आला. त्याच्या घरी कॅरम खेळताना त्यानं लांबून एका फटक्यात लाल क्वीन घेतली. "हे बघ मिसाइल."

पुढचा फटका मात्र हुकला. क्वीनपाठोपाठ आपली सोंगटी घेऊन तिला कव्हर द्यावं लागतं, नाहीतर ती परत मधोमध ठेवायची. मी म्हणालो, "लांबून मारलंस, ठीक. पण तेलाची जहाजं रोज सुखरूप न्यायला तिथे कुणीतरी उभं राहायला हवं ना? कव्हर कुठाय?"

तो हसला आणि क्वीन आपल्या शर्टाच्या खिशात टाकली. "वाद संपला नाही अजून." तेव्हापासून आम्ही क्वीनच्या जागी शर्टाचं बटण ठेवून खेळलो. पुढच्या व्याख्यानात त्यानं माझा कव्हरचा दाखला 'आमचे एक मित्र म्हणतात' म्हणून सांगितला, खोडून काढला आणि टाळ्या घेतल्या. मी आभार मानले.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी त्याच्या घरी, त्याच्या बायकोला, शैलावहिनींना, भेटायला गेलो. त्यांनी कपाटातून काहीतरी आणून माझ्या हातावर ठेवलं. "भाऊजी, हॉस्पिटलात म्हणाले होते, ही मास्तरला दे. म्हणावं, कव्हर नव्हतं."

क्वीन होती. इतकी वर्षं मला हेच तर ऐकायचं होतं… त्याच्या तोंडून.

उठताना मी कोपऱ्यातल्या कॅरमबोर्डावरचं बटण काढलं आणि क्वीन मधोमध ठेवली. जिंकलो होतो. पण हरणंसुद्धा त्याला इतकं छान जमलं, याचा हेवा करतच घरी आलो.