डावीकडची फुली

पत्रिका छापायच्या दुकानात आज माझा पहिला दिवस, आणि इथल्या कॉम्प्युटरवर बंद करायची फुली डावीकडे. क्लासमध्ये उजवीकडे होती. मेनूही पार वर, स्क्रीनच्या कडेला चिकटलेला. मालक म्हणाले, "ताई, क्लास केलाय म्हणालात ना?" मी मान हलवली. उद्यापासून येऊ नका म्हणाले तर? बाळाला शेजारणीकडे ठेवून आलेय मी.

सासरी नवीन होते तेव्हाही मिठाला हात घातला की साखर यायची. पण सासूबाई बोलायच्या, तशा दाखवायच्याही. इथे कोण दाखवणार? सगळं असतं, फक्त माझा हात जातो तिथे नसतं. एकेक मेनू उघडत गेले, शेवटी प्रिंट सापडलं. मालक म्हणाले, "उद्या दहाला या." जमलं, हे कुणाला तरी सांगावं म्हणून वळले, तर बाजूला नुसता पंखा फिरत होता.